कार्तिकी झाली की या

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तेल बघायला एवढ्या लांब कशाला? बार्शीत तेल मिळत नाही का?" आई, तू हसलीस आणि विषय तिथंच बुडाला. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात कुणी मध्येच तोडत नाही.

माद्रिदला आलात की पहिले चार दिवस घरीच झोप काढा. पाचव्या दिवशी सकाळी गाडीने दक्षिणेला हाएन प्रांतात, ऑलिव्हचं तेल कसं काढतात ते बघायला निघू. साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे, मध्ये दोनदा चहाला थांबू. ला मांचाचं सपाट माळरान संपलं की देस्पेन्यापेर्रोसचा घाट लागतो. घाट उतरला की दोन्ही बाजूंना ऑलिव्हच ऑलिव्ह. टेकडीवर झाडं, उतारावर झाडं, एका ओळीत, जणू कुणी दोरी धरून लावलीत. हाएन प्रांतात सहा कोटींच्या वर झाडं आहेत म्हणतात. बाबा, पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही "पाणी कुठून देतात?" असं विचारणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते. बरीचशी झाडं पावसावरच आहेत. 2022-23च्या दुष्काळात अख्ख्या स्पेनचं तेल आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आलं होतं. इथल्या कट्ट्यावर तेव्हा जे बोलणं चालायचं, ते तुम्हाला भाषा न येताही कळलं असतं.

मुक्काम बाएसात, दोन रात्री. बाएसा आणि शेजारचं उबेदा ही गावं 2003 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पिवळसर दगडाचे वाडे, चर्च, चौक. ते सगळं एका संध्याकाळी हळूहळू बघू, बाबांच्या गुडघ्यांना जमेल तेवढंच. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी, तेलाच्या गिरणीत. तिला इथं 'अल्मासारा' म्हणतात, शब्द मूळचा अरबी.

मागच्या वेळी मी मे महिन्यात गेले आणि फसले. आगाऊ पैसे भरून पोचले, तर यंत्रं बंद, फरशी धुतलेली, सगळं चिडीचूप. आपल्याकडे पावसाळ्यात साखर कारखाना बघायला जावं तसं. म्हणून आता नोव्हेंबर. तोडणीचा हंगाम भरात असतो आणि तेल अजून हिरवं असतं. झाडाखाली जाळी पसरतात, खोडाला यंत्राने हलवून फळं पाडतात, आणि मग ट्रॉल्यांची रांग लागते, काट्यावर वजन होतं. बऱ्याच गिरण्या शेतकऱ्यांच्या सहकारी आहेत. बाबा, तुम्ही काट्यापाशीच उभे राहणार.

फळं धुऊन बियांसकट भरडतात. तो लगदा संथपणे मळत ठेवतात आणि मग यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं काढतात. गरमी 27 अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर वास उडतो. अण्णा आजोबा घाण्याचा बैल जरा पळायला लागला की ओरडायचे, "तेल तापवू नकोस रे!", हे तुम्हीच सांगितलंय ना? इथं तोच आग्रह थर्मामीटर लावून धरतात. लिटरभर तेलाला साधारण पाच किलो फळं लागतात. लवकर तोडलेल्या हिरव्या फळांना त्याहून जास्त. उरलेला चोथा पेंडीसारखा गुरांना घालत नाहीत, त्यातलं उरलंसुरलं तेल काढून बाकीचं जाळायला वापरतात.

आई, झाडावरचं ऑलिव्ह तोडून तोंडात टाकू नकोस. कारलं परवडलं.

मग तेल चाखणं. निळ्या काचेची वाटी देतात, रंग दिसू नये म्हणून. ती तळहातावर धरून, वरून दुसऱ्या हाताने झाकून थोडी ऊब द्यायची. वास घ्यायचा. पिकुआल जातीच्या तेलाला टोमॅटोच्या पानांचा, अंजिराच्या पाल्याचा वास येतो. नंतर घोट तोंडात घेऊन वर हवा ओढायची, चांगला मोठा आवाज करून. म्हणजे भुरका! चाळीस वर्षं आई ज्या भुरक्यावरून बोलतेय, तो इथं पद्धतशीर शिकवतात. गिळल्यावर घशात तिखट ठसका बसतो. तो दोष नाही, ताज्या तेलाची खूण आहे. दोन तेलांच्या मध्ये सफरचंदाची फोड खायची.

जेवणाची काळजी नको. सकाळी भाजलेला पाव, वर तेल, मीठ, किसलेला टोमॅटो. दुपारी बदाम-लसणाचं गार सार, त्याचं नाव 'आहो ब्लांको'. आई, हाक मारल्यासारखंच मागव. भाज्यांच्या कोशिंबिरीत हे लोक मासा घालतात, तेवढं मी आधीच सांगीन. कार्तिकी एकादशी आटोपूनच निघायचं आहे, म्हणजे उपवासाचा प्रश्न नाही. बाएसा उंचावर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. कानटोपी घ्या. बाबा, मफलर नाही, कानटोपी.

व्हिसाला 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, तो मी काढते. तुम्ही फक्त पासपोर्टची मुदत बघून कळवा. खर्चाचं विचारू नका.

आणि एक काम. तुम्ही हल्ली लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल आणता ना, त्याची एक छोटी बाटली घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. मे महिन्यात यंत्रं बंद होती, तेव्हा तिथल्या बाईंशी गप्पा मारत बसले होते. आमचा घाणा होता म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या तेलाला वास कसा येतो? मला सांगताच आलं नाही. बाबा, या वेळी तुम्ही सांगा, मी भाषांतर करीन.

तुमची,
मनू