विनायकला पत्र : इनटेक घेण्याआधी

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय विनायक,

तू आता गाडीला लावणार म्हणतोयस त्या, इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या लाल कोन फिल्टरचा फोटो दोन दिवस बघतोय. फोनवर बोललो असतो तर "नको घेऊस" एवढंच म्हणालो असतो आणि तू ऐकलं नसतंस. शिवाय गाडी आप्पांची आहे. आप्पा गेल्यावर तू ती विकली नाहीस, पुण्याहून इकडे आणतोयस, याचा मला किती आनंद झालाय ते समोर भेटल्यावर सांगेन. म्हणून सगळं नीट लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मीही तसाच कोन बसवला होता. कंपनीच्या हवेच्या फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा काढला, अॅल्युमिनियमचा पाइप टाकला, वर कोन. आवाज सुंदर होता, हे आधी कबूल करतो. तिसऱ्या गिअरवर दाबली की बॉनेटखालून असा खोल श्वास ऐकू यायचा की अंगावर काटा यायचा. त्या डब्यात आवाज जिरवायला मुद्दाम पोकळ कप्पे केलेले असतात. ते काढले की आवाज मोकळा होतो. पण आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही, आणि ते कळायला मला एप्रिल उजाडावा लागला.

आपला एप्रिल तुला सांगायला नको. सात रस्त्याच्या सिग्नलला दुपारी अडीचला उभा होतो. बाहेर ४२. फोनला जोडायचा तो छोटा स्कॅनर गाडीच्या पोर्टमध्ये होता, त्यात इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. आकडा ७१! कोन बॉनेटखाली उघडा बसलेला, रेडिएटरमधून आलेली तापलेली हवाच ओढत होता. पुढे जुना डबा परत बसवला आणि तशाच दुपारी तिथेच बघितलं, तर ५२. हवा तापली की विरळ होते. ५२ आणि ७१ मधल्या फरकाने जवळपास सहा टक्के हवा कमी जाते. त्यावर आत जाणारी हवा फार गरम दिसली की इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो, म्हणजे पिकअप आणखी मरतो. हैदराबाद रोडला उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना मला ते पायाखाली जाणवायचं.

पूर्व भागातल्या तुमच्या खोलीतला कूलर आठवतो का? आप्पा तो नेहमी खिडकीत ठेवायचे, तोंड आत आणि पाठ बाहेर. मागांची पाळी करून आलेला कुणी पाहुणा तो खोलीच्या मध्यात ओढायचा तेव्हा आप्पा म्हणायचे, "अरे, खोलीतलीच हवा फिरवून काय मिळणार?" इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचंही हेच आहे बघ. कंपनीच्या डब्याचं नळकांडं बहुधा पुढच्या जाळीच्या बाजूला, बाहेरची हवा मिळेल असं काढलेलं असतं. म्हणजे डब्याची पाठ आधीच खिडकीत आहे. फिल्टर कितीही भारी असू दे, तो कुठली हवा ओढतो हे आधी बघ.

आणि हवा किती लागते? एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण अकरा किलो हवा लागते, म्हणजे नऊ-दहा हजार लिटर. आपल्या गल्लीत येणारा मोठा पाण्याचा टँकर भरून हवा, दर लिटरला! तुझं ११९७ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साडेतीन हजार लिटर ओढू शकतं. कंपनीचा डबा एवढ्यासाठीच मोजून केलेला असतो. टर्बो नाही, कॉम्प्युटरचा मॅप म्हणजे त्यातलं सेटिंग बदललेलं नाही, अशा गाडीला कोनाने एखाद-दुसरी हॉर्सपॉवर मिळाली तरी खूप, आणि तीही थंड हवा मिळाली तर.

अॅव्हरेज वाढेल असं लिहिलंयस. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर आत आलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून बघितले. पिकअप खालावला, अॅव्हरेज जवळपास तेवढंच राहिलं. चोंदलेल्या फिल्टरने बिघडलं नाही ते मोकळ्याने सुधारेल कसं?

आता धूळ. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. कोन काढला तेव्हा फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पांढरं फडकं फिरवलं. ते काळसर तपकिरी होऊन आलं, बोटांना कचकच लागली. तो स्वस्तातला फिल्टर होता आणि कडेला नीट बसतही नव्हता. ती वाळू पिस्टनच्या रिंगा घासते, मग इंजिन ऑइल खायला लागतं. तुझ्या पुण्यातल्या रस्त्यांवर हे चाललं असतं कदाचित. इथे काळ्या मातीची धूळ, खडीचे डंपर, त्यात एमआयडीसीकडे कापसाचे तंतू. कागदी फिल्टर धूळ पकडण्यात चांगला असतो, आणि थोडी धूळ बसल्यावर आणखी बारीक पकडतो. म्हणून तो रोज हवेच्या प्रेशरने झाडून घेऊ नको, कागद फाटतो. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी वेगळी मुदत दिली असेल, ती पाळ.

काही तरी बदलायचंच असेल तर त्याच डब्यात बसणारा, धुता येणारा सुती जाळीचा फिल्टर घे, के अँड एनसारखा चांगल्या मेकचा. डबा राहतो, नळकांडं राहतं, गार हवा राहते. पण धुतल्यावर पूर्ण वाळू दे आणि तेल अगदी कमी लाव. माझ्या एका गाडीत वर्कशॉपवाल्याने तेल चोपडलं होतं. ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. तुझ्या गाडीत तो सेन्सर आहे की दाब मोजणारा, ते मेकॅनिकला विचार. दाबाचा असेल तर ही भीती बरीच कमी. बंपरमध्ये खाली उतरणारा लांब पाइप मात्र घेऊच नको. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे कसा कोसळतो ते माहीत आहे तुला. साचलेल्या पाण्यातून गेलास आणि पाणी आत ओढलं गेलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

खर्च करायची इच्छा असेल तर आधी डब्याच्या क्लिपा, रबरी पाइपच्या चिरा, क्लॅम्प बघून घे. इतक्या वर्षांच्या गाडीत तिथून हवा गळत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

ऑर्डर एवढ्यात टाकू नको. शनिवारी ये, डबा उघडू, फडकं फिरवू, सात रस्त्यापर्यंत स्कॅनर लावून जाऊ. आणि आप्पा दर पेट्रोलला किलोमीटर लिहायचे ती डायरी ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल, ती काढून ठेवू नकोस, तशीच गाडीत राहू दे. त्यांचे आकडे समोर ठेवूनच बघू.

तुझा,
बाळू