फोन गिऱ्हाईकासमोर उघडायचा असतो

मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

आपल्या घराण्याचं मूळ गाव कण्हेरखेड. त्याच कोरेगाव तालुक्यात माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितोय. आपल्या खात्यात काही हललं की त्याचा धक्का माझ्या काउंटरपर्यंत येतो. बातमी वाचून माणूस घाबरला की फोन घेऊन आधी दुकानात येतो.

चोरीचे फोन आणि आपल्या नावावरची सिमकार्डं तपासायचं सरकारी अ‍ॅप 'संचार साथी' प्रत्येक नव्या फोनात घालायची सक्ती झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी, २ डिसेंबर २०२५ ला, सकाळी शटर वर करतोय तोच एक निवृत्त गुरुजी दारात उभे. "ते सरकारचं अ‍ॅप माझ्या फोनात शिरलंय का बघ, आणि शिरलं असेल तर काढ." त्यांच्यामागून आलेला दूधवाला म्हणाला, "माझ्यात टाकून दे. चोरीला गेला तर सापडतो म्हणे." मग दोघांची तिथेच जुंपली. गुरुजी म्हणाले, पाळत ठेवतील. दूधवाला म्हणाला, तुमच्यावर कोण पाळत ठेवणार गुरुजी, लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे? मी दोघांना चहा सांगितला. त्या दिवशी देशभर फोनच्या पडद्यावर जे भांडण चाललं होतं, ते माझ्या दुकानात चहाच्या दोन ग्लासांवर चाललं होतं.

आधी कबुली देतो. संचार साथी मी वापरतो आणि मला ते आवडतं. मे २०२३ मध्ये पोर्टल आलं तेव्हापासून सेकंडहँड फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढायचा, तिथे टाकून बघायचा, आणि गडबड दिसली तर फोनला हात लावायचा नाही, असा माझा नेम आहे. आमच्या मावशीच्या नावावर तीन सिमकार्डं चालू असल्याचं तिथेच कळलं. मावशीकडे बटणांचा एक साधा फोन आहे, दुसरं सिम तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. फसवणूक किती वाढलीय हे मला कुणी सांगायला नको. २०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी लोकांचे २२,८४५ कोटी रुपये नेले, असं सरकारनेच लोकसभेत सांगितलं. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली, म्हणजे तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर 'अटक' करून, लुटलेली माणसं माझ्याकडे येऊन बसतात, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावून द्या म्हणतात, आणि नंबर फिरवताना त्यांचा हात थरथरत असतो.

तेव्हा माझी तक्रार अ‍ॅपबद्दल नाही. ते ज्या वाटेने आलं त्या वाटेबद्दल आहे.

२८ नोव्हेंबरला आपल्या दूरसंचार विभागाने कंपन्यांना आदेश दिला. ९० दिवसांनंतर प्रत्येक नव्या हँडसेटमध्ये संचार साथी आधीपासून हवं. फोन पहिल्यांदा सुरू करताना ते सहज दिसायला हवं. त्याची कामं बंद किंवा मर्यादित केलेली नसावीत. जे फोन तयार होऊन बाजारात आले आहेत, त्यांतही सॉफ्टवेअर अपडेटमधून ते घालण्याचा प्रयत्न व्हावा. १२० दिवसांत पूर्ततेचा अहवाल. बाजारात आलेले म्हणजे माझ्या काचेच्या कपाटातलेसुद्धा. मला हे कळलं १ डिसेंबरला, तेही रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी फोडली म्हणून. २ तारखेला आपण संसदेबाहेर म्हणालात, नको असेल त्याने डिलीट करावं. 'कामं बंद किंवा मर्यादित केलेली नसावीत' ही आदेशातली ओळ कंपन्यांसाठी होती, गिऱ्हाईकासाठी नव्हती, असा खुलासा नंतर आला. असेलही. पण सक्ती कुणावर आणि मुभा कुणाला, हे आदेशातच दोन ओळींत लिहिलं असतं तर गुरुजी आणि दूधवाला दोघेही सकाळी आपापल्या कामाला गेले असते. ३ तारखेला आपण लोकसभेत सांगितलंत की या अ‍ॅपमधून हेरगिरी शक्य नाही आणि होणारही नाही. त्याच दिवशी सक्ती मागे घेतली गेली. अ‍ॅप १ कोटी ४० लाख लोकांनी आपणहून घेतलंय, आता सक्तीची गरज उरली नाही, असं कारण दिलं गेलं. लोक आपणहून घेतच होते, तर आधी गरज कुठून आली होती?

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो.

फोन दुरुस्तीला टाकताना माणूस पॅटर्नही सांगतो. डिस्प्ले बदलल्यावर टच नीट चालतो की नाही हे बघायला आम्हाला तो लागतोच. म्हणजे दिवसाला दहा-पंधरा घरं किल्लीसकट माझ्या ड्रॉवरमध्ये असतात. फोटो, बँकेचे मेसेज, दवाखान्याचे रिपोर्ट, कुणाचं कुणाशी काय बिनसलंय ते. मी बघत नाही. पण 'मी बघत नाही' हे गिऱ्हाईकाला कसं कळावं? काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात, एका दुकानातल्या पोराने दुरुस्तीला आलेल्या फोनमधले एका मुलीचे फोटो स्वतःकडे उतरवून घेतले. पोरगं गेलं, दुकानही बुडालं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: फोन गिऱ्हाईकासमोर उघडायचा. काय बदललं ते पावतीवर लिहायचं. जुना पार्ट त्याच्या हातात द्यायचा. थांबायला वेळ नसेल तर पावती तरी न्यायची. हा नियम मी चोर आहे म्हणून केलेला नाही. माझ्यानंतर काउंटरवर कोण बसेल, हे मला माहीत नाही म्हणून केला.

आपण सभागृहात दिलेल्या शब्दावर अविश्वास नाही. पण तो शब्द आपला आहे, त्या खुर्चीचा नाही.

आणि आता, ज्यावर तीन दिवसांच्या त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही, त्याबद्दल. लोक अ‍ॅपच्या परवानग्या मोजत बसले. अ‍ॅप दिसतं तरी, परवानगी तरी विचारतं. पण फोन ऐकायचा असेल तर सरकारला अ‍ॅप लागतच नाही. केंद्रीय गृहसचिवांच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या सहीचा कागद लागतो. १८८५ च्या इंग्रजांच्या तार कायद्यापासून हे चालत आलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला काही कुंपणं घातली आणि असे आदेश तपासायला आढावा समिती नेमायला लावली. आता तो जुना कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला. तो संसदेत मंजूर झाला त्या आठवड्यात विरोधी पक्षांचे दीडशेच्या आसपास खासदार निलंबित होऊन बाहेर होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नियम निघाले. गडी बदलला, मेख तीच राहिली: आदेश सचिवाचा आणि आढावाही सचिवांचाच. कॅबिनेट सचिव अध्यक्ष, सोबत आणखी दोन सचिव. न्यायाधीश नाही, खासदार नाही, बाहेरचं कुणीच नाही.

ही समिती काम कसं करते? डेटा संरक्षणासाठी आपल्याच सरकारने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलंय की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीसमोर एका बैठकीला १५ ते १८ हजार आदेश असतात. दुकान बंद करून रात्री हिशेब करताना मी हे कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं. तिन्ही सचिव सलग आठ तास बसले, जेवले नाहीत, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. मला एका फोनचा स्क्रू काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. श्रीकृष्ण म्हणजे मुंबईच्या दंगलींचा अहवाल देणारे तेच न्यायमूर्ती. शब्द वाढवून लिहिण्याबद्दल त्यांची ख्याती नाही.

दोन सेकंदांत काय निसटतं, याची चुणूक महाराष्ट्राने बघितलीय. २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की काही वर्षांपूर्वी आपला फोन 'अमजद खान' या नावाखाली टॅप झाला होता. ते नाव ऐकून आमच्या दुकानात हशा पिकला होता. पुढे या टॅपिंगबद्दल पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्दही केले. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न दुकानदाराचा आहे. नंबर एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे तपासायचं काम कुणाचं? मी सिम विकताना ओळखपत्र आणि चेहरा जुळल्याशिवाय सिम चालूच होत नाही. तो नियम आपल्याच खात्याचा आहे. टॅपिंगच्या कागदाला मात्र तो लागू नसावा?

मुंबई उच्च न्यायालयाचाच दुसरा एक निकाल आहे, ऑक्टोबर २०१९ चा. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्यासाठी २००९-१० मध्ये गृह खात्याने दिलेले तीन आदेश न्यायालयाने बेकायदा ठरवले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. चूक झाली आणि दुरुस्त होण्यात सुमारे दहा वर्षं गेली. तीही कशी झाली, तर त्या माणसावर खटला भरला गेला, म्हणून त्याला कळलं. ज्याच्यावर खटलाच भरला नाही, ज्याचा फोन सहा महिने ऐकून 'यात काही नाही' म्हणून सोडून दिला, त्याला कधीच कळत नाही. नियमानुसार आदेशाचे कागदही गरज नसेल तर सहा महिन्यांनी नष्ट होतात. म्हणजे फोन उघडला, बंद केला, पावती फाडून टाकली.

पेगॅससचं, म्हणजे फोनमध्ये शिरणाऱ्या त्या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरचं, तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच का हे ठरवता आलं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितलं. आमच्याकडे फोन दाखवायला आणलेला माणूस 'झालं काय होतं?' हे ऐकल्याशिवाय काउंटर सोडत नाही. इथे अजून काउंटरवरच उभे आहेत लोक.

दूधवाल्याचा प्रश्न राहिला: लपवण्यासारखं काय आहे? त्याच संध्याकाळी तोच माणूस परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला लॉक टाकून दे. सोसायटीचं कर्ज थकलंय, मेसेज येतात. पोरं बघतात." मी लॉक टाकून दिलं आणि काही बोललो नाही.

'संमती द्यायची की नाही' हा हक्क आपण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आम्हाला दिलात. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची सोयही ठेवलीत. खाजगी कंपनीने माझा नंबर विकला तर तिला दंडाची तरतूद त्यात आहे, हे चांगलंच आहे. मला पावती दोन्हीकडून हवी.

आपल्या हातात जे आहे तेवढंच मागतो. सर्वांच्या फोनला लागू होणारा आदेश ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी तो आपल्या संकेतस्थळावर मराठीसह सगळ्या भाषांत टाका, आणि अंमल सुरू होण्याआधी हरकती मागवा. नगरपालिका रस्ता रुंद करतानासुद्धा हरकती मागवते. वर्षाला किती टॅपिंगचे आदेश निघाले, किती आढाव्यात नाकारले गेले, एवढे दोन आकडे संसदेत ठेवा. नावं नकोत, नंबर नकोत. हेरांची नावं फोडा असं कुणी म्हणत नाही, बहिर्जी नाईकांच्या मुलखातली माणसं आहोत आम्ही. आणि आढाव्याला एखादा निवृत्त न्यायाधीश तरी बसवा, ज्याची पुढची बदली गृह खात्याच्या हातात नाही. गृह खातं आपलं नाही, ठाऊक आहे. पण नियम काढणारं खातं आपलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोरेगावातला एक मोबाईल दुकानदार

ता. क. त्याच २८ नोव्हेंबरला निघालेल्या दुसऱ्या आदेशाबद्दल लोक अजून विचारतात. नोंदवलेलं सिम फोनमध्ये नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालायचं नाही, आणि संगणकावरचं दर सहा तासांनी आपोआप बंद. आमच्या भागातली कितीतरी पोरं आखातात आहेत. व्हॉट्सअ‍ॅप इथल्या नंबरवर, फोनमध्ये सिम तिथलं. त्यातल्या एकाची आई परवा आली होती, मुलाचा रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल येतो म्हणाली. तिला काय सांगू, तेवढं कळवा.