ओढ्याकाठचं रान विकू नका

प्रिय आई-बाबा,

काल बाबांचा फोन ठेवल्यावर झोपच लागली नाही. मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे हे कळल्यापासून तुम्ही रात्रंदिवस काहीतरी शोधत असता ते मला कळतं, पण मानेच्या शिरांत फुगा घालून त्या मोकळ्या करायच्या ऑपरेशनसाठी ओढ्याकाठचं रान विकायचं म्हणताय, ते नको बाबा, हात जोडते.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पूर्ण बघितला. २००९ मध्ये इटलीतल्या फेराराच्या डॉ. झांबोनींनी मांडलेलं की मेंदूतून रक्त खाली आणणाऱ्या शिरा अरुंद होतात आणि त्याचा एमएसशी संबंध आहे. जगभरचे पेशंट धावले, आपल्या देशातही बाहेरून लोक आले. मग त्यांनीच नीट ट्रायल घेतली, काहींना खरा फुगा, काहींना नुसता केल्यासारखा, आणि २०१७ मध्ये निकाल आला की फायदा नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तर २०१२ लाच सावध केलेलं, माणसं दगावली होती.

मेंदूला रक्त कमी जातं हे मात्र खरंय. निरोगी मेंदूला मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त जातं, वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के आणि ऑक्सिजन लागतो २० टक्के. एमएसमध्ये हा प्रवाह कमी झालेला दिसतो, एमआरआयवर डाग नाही तिथंसुद्धा. बाबा, उन्हाळ्यात ठिबकच्या कडेच्या ओळी सुकायला लागल्या तेव्हा तुम्ही मेन लाइन नाही उकरली, उकिडवे बसून एकेक ड्रिपर बघितलात. इथंही तसंच वाटतं. मेंदूतल्याच पेशी एंडोथेलिन नावाचं रसायन जास्त सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ते अडवणारी गोळी दिली तर प्रवाह वाढला. पण थोड्याच पेशंटवर केलेलं काम होतं ते, एमएसचं औषध म्हणून ती गोळी देत नाहीत, तेव्हा कुणाला विचारून मागवू नका.

माझं इंजेक्शन चालू आहे, आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर उठते तिला आवरायला, आणि नवीन अटॅक येऊ नये म्हणून तेच महत्त्वाचं.

आई, पुढच्या महिन्यात एमआरआय आहे, तेव्हा तू ये. मशीनमधून बाहेर आले की पाय जड होतात, जिना उतरताना तुझा खांदा लागतो मला. बाबांनी घरीच थांबावं, उसाला पाणी आहे.

तुमची,
ताई