पॉपकॉर्नच्या मशीनवर कॉफी जरूर भाजा, पण थर्मोस्टॅट काढू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पॉपकॉर्न मशीनवर घरीच कॉफी भाजण्याबद्दल लेख आला होता, तो वाचून खूप आनंद झाला, कारण मी चार वर्षं अशीच कॉफी भाजतेय आणि इथे अमरावतीत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, कॉफी पण भाजावी लागते का? पण त्याच लेखात एक ओळ होती, मशीन मध्येच बंद पडत असेल तर आतला थर्मोस्टॅट (मशीन जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) काढून वायर डायरेक्ट जोडून घ्या. ती ओळ वाचली आणि रात्रीच हे पत्र लिहायला बसले.

मशीन बंद का पडतं ते बघा. मक्याची लाही साधारण १८० अंशांना फुटते आणि दोन-तीन मिनिटांत काम संपतं, थर्मोस्टॅट त्या हिशोबाने बसवलेला असतो. कॉफीचा दाणा पहिल्यांदा फुटतो तो २०० अंशांच्या आसपास आणि तिथवर पोचायला सहा-आठ मिनिटं जातात. म्हणजे मशीन बिघडलेलं नसतं हो, ते त्याचं कामच करत असतं. थर्मोस्टॅट काढला आणि पंखा अडकला की कॉइल नुसती तापत राहणार. त्यात कॉफीला फोलपटं असतात, शेंगदाण्याच्या लाल सालासारखी पण त्याहून हलकी, कोरडी खडखडीत, ती क्षणात पेट घेतात.

माझ्याच घरी झालंय हे. माझं पहिलं मशीन ओळखीच्यांच्या माळ्यावर पडून होतं, भंगारात जाण्यापेक्षा बरं म्हणून आणलं, त्याच्या तळाला जाळी होती. तिसऱ्या वेळी भाजताना जाळीतून फोलपटं खाली कॉइलवर पडली, आधी धूर आला, मला वाटलं कॉफीचाच आहे, आणि मग जाळीखाली लाल दिसलं. धावत जाऊन मेन स्विच पाडला. आमचे दीर वायरमन आहेत, त्यांनी दुसऱ्या दिवशी मशीन खोलून दाखवलं, आत बोटाच्या पेरापेक्षा लहान थर्मल फ्यूज होता तो उडालेला. म्हणाले, वहिनी, मेन पाडायच्या आधी यानेच लाइन तोडली होती. तो तुकडा मी अजून डब्यात ठेवलाय.

तेव्हापासून मी तळाला जाळी असलेलं मशीन घेतच नाही. आतल्या भिंतीला बाजूने तिरप्या फटी असलेलं हवं, त्यात हवा गोल फिरते, दाणे भोवऱ्यासारखे फिरतात आणि फोलपटं वरून बाहेर उडतात. एका वेळी ८० ग्रॅम, जास्त नाही. पहिल्यांदा लाह्यांसारखा फट फट आवाज येतो, पुढे गेलात तर फोडणीतल्या मोहरीसारखा बारीक तडतड, मी त्याच्या आधीच बंद करते. लगेच स्टीलच्या दोन चाळण्यांत खालीवर करत पंख्याखाली गार करायचे, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजणं चालूच राहतं. १०० ग्रॅमचे ८५ च्या आसपास उरतात. झाकण एक दिवस सैल ठेवा, दाण्यातून गॅस निघत असतो.

आणि व्होल्टेज! लेखात याचा उल्लेखच नाही. २३० चं २०० झालं की १२०० वॅटचं मशीन जेमतेम ९०० वॅटचं काम करतं. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की दाणे तपकिरी होऊन तिथेच अडकायचे, बारा मिनिटं झाली तरी फुटायचे नाहीत, आणि ती कॉफी बेचव, पुठ्ठ्यासारखी. अशा वेळी लोकांना वाटतं थर्मोस्टॅटच आडवा येतोय. मी आता पहाटे भाजते, प्रश्न मिटला.

एवढं करूनही मशीन बंदच पडत असेल तर लोखंडी कढई घ्या. भाजणीची डाळ न करपवता भाजता येते त्या हाताला कॉफी जमतेच, फक्त पंधरा-वीस मिनिटं हात थांबवायचा नाही आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. नॉनस्टिक मात्र नको, २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि रिकाम्या कडेला तेवढं सहज तापतं, घरात पोपट असेल तर तो धूर त्याच्या जिवावर बेतू शकतो.

आमच्या जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, त्यामुळे मला या विषयाचं जरा जास्तच प्रेम आहे आणि घरोघरी कॉफी भाजली जावी असं मनापासून वाटतं. म्हणूनच विनंती आहे, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, थर्मोस्टॅटची ती ओळ मागे घेतल्याचं ठळक छापा. लेख कापून फ्रिजवर लावणारे वाचक असतात, मीही लावलाय, ती ओळ पेनाने खोडून.

आपली नियमित वाचक,
अमरावती