आखाडातला रविवार

प्रिय सुन्या,

तू एका ओळीत विचारलंस, 'घरच्या कोंबड्या कापल्या म्हणे, काय वाटलं?' फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस. शिवाय वेल्ह्याच्या जागेत कोंबड्या पाळायच्या म्हणतोयस, तर जरा सविस्तरच घे.

पिल्लं गिरिराजची होती. इथल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात नाव नोंदवून ठेवलं होतं. बेंगळुरूला हेब्बाळमध्ये तयार झालेली ही जात, आपल्या गावठीसारखी उकिरडा उकरत फिरते आणि अंगानं तिच्यापेक्षा भरते. सुरुवातीचे दिवस बल्बाच्या उबेत, सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा थेंब. तो चुकवू नकोस. मानमोडी आली की खुराडं रिकामं होतं, औषध नाही तिला. पुढं चार-साडेचार महिने मका, भाताचा कोंडा, घरातलं उरलंसुरलं. बाजारचा ब्रॉयलर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोचा होतो. आमच्यांना तेवढं व्हायला त्याच्या तिप्पट वेळ लागला. खर्चाचा हिशेब आबांनी मांडू दिला नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्याकडे कुणी कोंबडीकडे बघेना. तेव्हा त्यांनी खुराडं मोडून सरपण केलं होतं. आता नातवंडांनी हट्ट धरला म्हणून परत उभं केलं, आणि सगळ्यात जास्त तेच तिथं बसतात.

श्रावण लागायच्या आतला रविवार धरला. शनिवारी संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. कारण सकाळी कळतं: पोट भरलेलं असलं की गळ्याखालची पिशवी मक्यानं टम्म फुगते, साफ करताना फुटते आणि मासावर सगळा चिखल होतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर शनिवारी रात्रीतच आहे. कोंबड्या अंधारातच धरायच्या. दिवसा धरायला गेलास तर दमतात, पंख मोडून घेतात. रात्री दांडीवर बसल्या की उचलल्या तरी ओरडत नाहीत. मी एकेक उचलून डालग्यात ठेवत होतो. अंग गरम, पिसांखाली छाती हलतीय, आणि माझ्या हाताला काही म्हणजे काही विरोध नाही. तेव्हा वाटलं, सुन्या. सकाळी सुरी बघून नाही वाटलं.

सुरी मी धरलीच नाही. गावात जनावर कापतात त्या मुलाणीचाचांना सांगावा गेला होता. दाजी मुंबईचे, त्यांनी विचारलं, यूट्यूबवर बघून आपणच करू की. आबा म्हणाले, "जत्रंतलं बकरं कोण कापतंय? मग कोंबडीला काय झालं?" विषय संपला. चाचा आता फार कुणाकडे जात नाहीत, गुडघे धरलेत. पण सुरीला धार त्यांनीच लावली, अर्धा तास, आणि कोंबड्यांच्या नजरेआड. एका हातात पंख आणि पाय एकत्र, तोंडातल्या तोंडात नाव घेतलं, एकच ओढ. गळ्याच्या शिरा कापल्या, मुंडकं तोडलं नाही. फडफड थांबून रक्त पुरतं निथळेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं दुसरीला हात लावत नाहीत. रक्त आत राहिलं की मास काळं पडतं आणि टिकतही नाही. डझनभर कोंबड्यांना तासभरसुद्धा लागला नाही.

खरं काम त्याच्यानंतर. वैनीनं परसात चुलाणावर हंडा चढवला होता. पाणी उकळतं नको. साठ-पासष्ट अंशाच्या आसपास, म्हणजे बोट बुडवलं की लगेच काढावं लागेल इतपत. पाय धरून मिनिटभर घोळवायचं, पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं; सहज आलं की बाहेर. जास्त झालं तर कातडी शिजते आणि पिसाबरोबर सोलून येते. मग सगळे पाट मांडून ओळीनं बसले. तुझा तो इचलकरंजीचा दोस्त, जो दर बुधवारी-शुक्रवारी दोन प्लेट चिकन सिक्स्टी फाइव्ह हाणतो, तो बर्फ आणायला गेला तो जेवणाच्या वेळेलाच उगवला. उलट आमची शेजारीण, माळकरी, कोंबडीला शिवत नाही, पण वट्ट्यावर बसून लसूण सोलत आम्हाला सूचना देत होती.

वासाचं आधीच सांगतो. ओली पिसं घाण वासतात, दोन दिवस हाताचा वास जात नाही. पण नंतर पाचटाच्या जाळावर फिरवून बारीक लव जाळली, हळद चोळली, की तोच प्राणी एकदम स्वयंपाकघरातला होतो. ही पाचटाची भाजणी दुकानातल्या कोंबडीला मिळत नाही. चवीतला निम्मा फरक माझ्या मते तिथंच आहे, जातीचं कौतुक उगीच करतात.

पोट उघडायचं काम आईचं. पित्ताची हिरवी थैली फुटू न देता काळजापासून अलगद सोडवणं, शेपटीवरची तेलाची गाठ काढणं, हे तिनं बोलता बोलता केलं. धाकटीला लांब ठेवायचं ठरलं होतं, पण ती आईच्या मांडीला मांडी लावून बसली. पेटा, म्हणजे दाणा दळायची पिशवी, चिरला, आतली पिवळी साल ओढली, तर आत खडे, एक बांगडीची काच आणि स्कूटीचा बारीक नट! नट तिनं धुऊन दप्तरात ठेवलाय. एका तलंगीच्या पोटात न घातलेल्या अंड्यांची माळ निघाली, लिंबाएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. ती रश्श्यात सोडली आणि त्यावरून पोरांची मारामारी झाली.

शिजवायची घाई करू नकोस. कापल्यावर थोड्या वेळानं मास ताठरतं, तेव्हा चुलीवर टाकलंस तर रबर. चार-पाच तास बर्फात राहू दे, मग मऊ पडतं. आम्ही दोनच लगेच, ताठरायच्या आत शिजवल्या, पोरांच्या अळणीसाठी. बाकीच्यांचा रात्री तांबडा-पांढरा. चाचांचा वाटा आबांनी स्वतः नेऊन दिला. पिसं आणि आतडी खोल खड्ड्यात पुरून वर चुना, नाहीतर कुत्री रात्री सगळं अंगणात मांडतात.

वेल्ह्याला मुंगूस फार, तेव्हा जाळी बारीक घे आणि फूटभर जमिनीत गाड. पिल्लांसाठी नाव दिवाळीनंतर नोंदव, थंडी सरली की घे. कापायच्या वेळी मला बोलाव, पण तिकडचा कुणी हात बसलेला माणूस आधी शोधून ठेव. पीस ओढायला मी येईन, सुरी धरायला येणार नाही. आणि माझी ती मोठी थर्माकोलची पेटी परत पाठव, दोन वर्षं झाली.

तुझा,
विज्या