आतला आवाज ‘नको जाऊ’ म्हणतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी लिहिलं, की कोरियन गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा अन् रंगवलेले केस, त्यात काळजाला भिडणारं काही नाही. वाचून राहवलं नाही. मी राळेगाव तालुक्यात एका जिनिंगमध्ये काट्यावर बसते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रात्री अकरापर्यंत हटत नाही. दोन गाड्यांच्या मधात मी हेडफोन लावून हीच गाणी ऐकते, तीही आजची नाही, पंचवीस वर्षांपूर्वीची.

१९९६ मध्ये दक्षिण कोरियात एच.ओ.टी. हा पाच गाणाऱ्या मुलांचा गट आला आणि तिथल्या शाळकरी पोरी अक्षरशः वेड्या झाल्या. २००१ मध्ये तो फुटला. २०१८ मध्ये पाचही जण राजधानी सोलच्या स्टेडियममध्ये पुन्हा एकत्र उभे राहिले, तोवर त्या पोरी संसाराला लागल्या होत्या, तरी आल्या.

पण माझा जीव जडला जी.ओ.डी. या दुसऱ्या गटावर. त्यांचं पहिलं गाणं १९९९चं, आईवरचं. देश नुकताच मोठ्या आर्थिक संकटातून गेलेला. गाण्यातला गरीब मुलगा रोज रामेन, म्हणजे पाकिटातले स्वस्त नूडल्स, खाऊन कंटाळतो, हट्ट करतो. आई लपवून ठेवलेले पैसे काढते, त्याच्यासाठी काळ्या रश्श्याच्या शेवया मागवते आणि ‘मला नाही आवडत’ म्हणून स्वतः एक घास घेत नाही. आमच्या घरी पाहुण्यांसाठी पोळ्या झाल्या की माय म्हणायची, ‘मले पोळी नाई जमत, भाकरच बरी.’

त्यांचंच माझं दुसरं आवडतं गाणं २०००चं, नावाचाच अर्थ ‘खोटं’. त्यात मुलगा प्रेयसीला म्हणतो, तू मला नकोशी झालीस, जा, सुखी राहा. मागून हळूच दुसरे सूर येतात: नको जाऊ, सोडू नको.

माझं साक्षगंध होऊन लग्न मोडलं, त्याला चौदा वर्षं झाली. भेटेल त्याला मी ‘बरंच झालं’ म्हणत होते. साक्षगंधाची मोरपंखी साडी अजून पेटीत आहे. दरवर्षी दिवाळीआधी उन्हात घालते, परत घडी करून ठेवते. संपलं हे कळूनही मन सुटत नाही, त्याला कोरियनमध्ये ‘मिर्योन’ म्हणतात. हा शब्द मला कुणी आधी सांगितला असता, तर बरं झालं असतं.

एका रात्री ते गाणं मायला ऐकवलं, अर्थ सांगितला. ती सरकी झटकता झटकता थांबली अन् म्हणाली, ‘मागून गाते तो पोरगा खरं बोलते.’

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोरियन कलाकारांचे कपडे अन् केस छापून येतात. त्यातली थोडी जागा या जुन्या गाण्यांच्या मराठी अर्थाला द्यावी, ही विनंती. पहिल्यांदा आईचं गाणं घ्या. माय वाचू शकत नाही, मी तिला वाचून दाखवीन.

आपली नियमित वाचक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ