मुंबई-न्यूयॉर्क : नुसता भागाकार पुरत नाही

महोदय,

मुंबई-न्यूयॉर्क प्रवासाचा वेळ सांगताना अनेकजण दोन विमानतळांमधले अंतर घेतात, ताशी 900 किमीने भागतात आणि ‘चौदा तास’ सांगून मोकळे होतात. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र सोळाच्या आसपास भरतात. गंमत अशी की अंतर बरोबरच असते.

शाळेतला 30 सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो साडेएकोणतीस सेंमी भरतो. एका सेंटिमीटरला सुमारे 425 किमी, म्हणजे साडेबारा हजार किमी झाले. हा दोरा कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, आइसलंड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा जातो. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात (जगाच्या नेहमीच्या आयताकृती नकाशात) पट्टीने मारलेली रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरियावरून जाते. दिसायला ती सरळ, पण प्रत्यक्षात भरते 14,200 किमी!

विमान दोऱ्यावरून उडत नाही. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्यासाठी दोऱ्याचा पहिलाच टप्पा बाद झाला. आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जायचे, मग उत्तरेकडे वळायचे. असा मार्ग 13,000 किमीचा धरू. त्यात वारा. दहा-अकरा किमी उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिक जोरात. 900 हा वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून सरासरी 60 किमीचा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग 840 उरतो. झाले साडेपंधरा तास. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो, म्हणून धावपट्टीपर्यंतच्या रांगेचा आणि उतरल्यानंतरचा मिळून अर्धा तास आणखी. परतताना तोच वारा पाठीशी असतो, त्यामुळे हाच हिशेब चौदावर येतो.

खरा घोळ घड्याळाचा. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. जानेवारीत मुंबईहून रात्री 1:30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 7:00 ला पोहोचणे म्हणजे साडेपाच अधिक दोन शहरांच्या घड्याळांतल्या फरकाचे साडेदहा, असे सोळा तास. मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कमधली घड्याळे तासभर पुढे असतात आणि फरक साडेनऊवर येतो. जुलैत साडेदहा मिळवणाऱ्याचा हिशेब एक तास जास्तच भरतो.

आणि ‘वाट वाकडी म्हणून वेळ जास्त’ हे थांबा घेणाऱ्या विमानांबद्दल फारसे खरे नाही. लंडनमार्गे अंतर सुमारे 12,750 किमी, दुबईमार्गे 12,950. फार तर अर्ध्या तासाचा फेर. बाकीचे तास मधल्या विमानतळाच्या बाकावर जातात.

— एक वाचक, ठाणे